चिपाड जाळणारे अडाणी नाहीत (‘सोनं जाळताय’ला उत्तर)

बगॅसयार्ड: परवा इथे कुणीतरी लिहिलं, ‘साखर कारखाने चिपाड (रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा) बॉयलरला घालतात म्हणजे सोनं जाळतात. उत्प्रेरक वापरा, फरफ्युरल करा, मालामाल व्हा.’ फरफ्युरल म्हणजे अशा चोथ्यापासून निघणारं, रेझिनला लागणारं द्रव रसायन. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. तिथे उत्तर मावेना म्हणून वेगळा धागा. मी 26 सीझन केमिस्ट म्हणून काढलेत, तेव्हा थोडं ऐका.

कोरड्या चिपाडात पेंटोझॅन, म्हणजे ज्यापासून फरफ्युरल होतं तो भाग, 25 टक्क्यांच्या आसपास. त्याचा कण न् कण बदलला तर टनाला 180 किलो फरफ्युरल. गंधकाम्लाच्या जुन्या पद्धतीत निम्मं मिळालं तरी नशीब, बाकीच्याची काळी राळ होते. म्हणजे 90 किलो. मिलमधून पडणारं चिपाड निम्मं पाणीच असतं, म्हणून एक टन फरफ्युरलला 22 टन ओलं चिपाड. वर 20-25 टन वाफ. ती कुठून आणणार? आणखी दहा टन चिपाड जाळूनच ना! आणि कोजनची, म्हणजे चिपाड जाळून कारखान्यातच केलेली, वीज महावितरणला विकून येणारा पैसा कुणी बुडवायचा?

झिओलाइट_पोरगा: काका, हिशोब अर्धाच सांगितलात. पेंटोझॅन काढल्यावर सेल्युलोज आणि लिग्निन शिल्लक राहतं की नाही? ते बॉयलरलाच जातं. तुम्ही 22 टन चिपाड गायबच करून टाकलंत. आणि तुमची पद्धत म्हणजे 1922 सालची, क्वेकर ओट्सने अमेरिकेत सीडर रॅपिड्सला ओटच्या फोलपटांवर सुरू केलेली. आता झिओलाइटसारखे घन आम्ल उत्प्रेरक आहेत, ते गाळून परत वापरता येतात. पाण्याबरोबर टोल्यूइन ठेवलं की तयार झालेलं फरफ्युरल लगेच त्यात ओढलं जातं, राळ कमी होते. माझी पीएचडी यावरच चालू आहे.

बगॅसयार्ड: उरलेल्या चोथ्याचं मान्य, ते लिहायला हवं होतं. पण तो चोथा आंबट आणि निथळत येतो हे तुम्हीही लिहायला हवं होतं. आधी पिळा, मग बॉयलरच्या नळ्यांची काळजी करा. आणि एक सांगा, तुमच्या फ्लास्कमध्ये चिपाड असतं की बाटलीतलं पांढरंशुभ्र झायलोज, म्हणजे पेंटोझॅनमधली शुद्ध साखर?

झिओलाइट_पोरगा: …बहुतेक वेळा झायलोज. सुरुवात तिथूनच करतात सगळे.

बगॅसयार्ड: वाटलंच. आमच्या चिपाडात माती येते, सिलिका येते, पोटॅश येतं. ते पोटॅश तुमच्या उत्प्रेरकाच्या आम्ल जागांवर जाऊन बसलं की तुमचा झिओलाइट म्हणजे महागडी वाळू.

खोडवा_एकर_चार: तुमचं चालू द्या, पण त्या मूळ पोस्टीत ‘शेतकऱ्यांनी पाचटही (उसाचा वाळलेला पाला) द्यावं, नाहीतरी ते जाळतातच’ असं होतं. त्यावर कुणीच का बोलत नाही? एकरी तीन-चार टन पाचट. मी सहा वर्षं काडी लावलेली नाही. खोडव्याला सरीत आच्छादन करतो, पाण्याची एखादी पाळी वाचते. ते उचलून तुमच्या रसायनाला द्यायचं आणि मी पोटॅशची गोणी विकत आणायची?

झिओलाइट_पोरगा: पण बहुसंख्य शेतकरी जाळतातच, हे खोटं आहे का?

खोडवा_एकर_चार: कोण जाळायला लावतं ते विचारा! गेल्या वर्षी ऊसतोड टोळीचा मुकादम म्हणाला, पेटवून देत असाल तर उद्या तोड, नाहीतर बसा वाट बघत. पेटवला तर कारखाना जळीत ऊस म्हणून कपात करणार, नाही पेटवला तर तुरे येईपर्यंत फडात उभा. आणि पुण्यात एसीत बसून तुम्ही आम्हाला प्रदूषण शिकवा.

झिओलाइट_पोरगा: लॅबला एसी नाही. पंखाही एकच आहे.

मुकादमाचा_पोर: टोळीला शिव्या सोप्या आहेत. पाचटाने हात-मान कापून निघते, फडात साप असतो, आणि पैसे टनावर. पाल्यात घासत तोडलं की दिवसाला मोळ्या कमी भरतात. आई-बापाला बघितलंय मी. हिरव्या उसाला वेगळा दर द्या, मग बोला.

खोडवा_एकर_चार: दर द्यायला कोण नको म्हणतंय? पण तो माझ्या बिलातून जाणार, हेही माहितीये मला.

मुकादमाचा_पोर: मग काडीपेटी कुणाच्या खिशात आहे हे आम्हाला विचारू नका.

शिरोली_फाउंड्री: मंडळी, फरफ्युरलवरून फडात कुठं पोचलात. आम्ही साच्यासाठी फ्युरान रेझिन वापरतो. ते फरफ्युरिल अल्कोहोलपासून, आणि ते फरफ्युरलपासून. जगातला बहुतेक माल चीनमध्ये मक्याच्या कणसांच्या बुरकुंड्यांपासून बनतो. तिकडे भाव हलला की इथे आमचं कोटेशन कोलमडतं. अवतीभवती चिपाडाचे डोंगर आणि रेझिनसाठी तोंड चीनकडे! थोडं महाग पडलं तरी इथला माल घेईन.

बगॅसयार्ड: थोडं म्हणजे किती, ते लेखी द्या. आमचा सीझन चार-पाच महिन्यांचा, उरलेलं वर्ष प्लांट काय खाणार? साठा करा म्हणाल. मी यार्डातल्या गंजीला आग लागलेली पाहिलीय. आतून तापत जाते, वरून पाणी मारून उपयोग नाही. तीन रात्री धुमसत होती, पायातले बूट मऊ झाले होते.

झिओलाइट_पोरगा: दक्षिण आफ्रिकेत सेझेलाला साखर कारखान्याच्या आवारातच उसाच्या चिपाडापासून फरफ्युरल काढतात. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये ला रोमानालाही. त्यांच्या चिपाडात माती नसते का?

बगॅसयार्ड: सेझेला माहीत आहे. म्हणूनच ‘होणारच नाही’ असं वर कुठेही लिहिलेलं नाही, परत वाचा. माझं भांडण ‘सोनं’ या शब्दाशी आहे.

झिओलाइट_पोरगा: बरं, चांदी म्हणू.

बगॅसयार्ड: आधी पितळ तर दाखवा. तुमच्या लॅबला दहा किलो चिपाड पाठवतो, मिलखालचं, मातीसकट. धुवायचं नाही. एकच उत्प्रेरक पाच वेळा फिरवा आणि पाचव्या वेळचा आकडा इथे टाका. पहिल्या वेळचा नको.

झिओलाइट_पोरगा: पाठवा. पार्सलचा खर्च तुमचा.

खोडवा_एकर_चार: चिपाडच पाठवा. पाचट मिळणार नाही.