युद्धबंदी: तो की ती?

अनुस्वार:
सायप्रसवरचा एक सहा पानी लेख मराठीत आणतोय आणि दुसऱ्याच वाक्यात गाडी अडलीय. प्रसंग असा. डिसेंबर १९६३ मध्ये ग्रीक सायप्रियट आणि तुर्की सायप्रियट एकमेकांवर उठले. स्वातंत्र्य मिळून जेमतेम तीन वर्षं झाली होती. १५ फेब्रुवारी १९६४ ला ब्रिटन आणि सायप्रस या दोघांनीही सुरक्षा परिषदेचं दार ठोठावलं. ४ मार्चला १८६ क्रमांकाचा ठराव झाला आणि २७ मार्चपासून संयुक्त राष्ट्रांचं दल बेटावर कामाला लागलं.

मी लिहिलं होतं: 'युद्धबंदीच्या अंमलबजावणीसाठी शांतीसेना पाठवण्याचे आवाहन.' बायकोला वाचून दाखवलं. तिचं सगळं शिक्षण इंदूरला झालेलं. ती म्हणाली, "किती कैदी होते?"

आता काय करू? शस्त्रसंधी लिहून मोकळा होऊ का?

मध्यमपदलोपी:
वहिनींचं चूक नाही. हिंदीत युद्धबंदी म्हणजे लढाईत पकडलेला सैनिक. आपण त्याला युद्धकैदी म्हणतो, म्हणून आपल्याकडे ही जागा रिकामी राहिली आणि तिथे दारूबंदी, संचारबंदी, जमावबंदी यांची बहीण येऊन बसली. मराठीत लिंगावरून निवाडा होतो. ती युद्धबंदी होते, लागू होते, मोडते. तो बंदी (राजबंदीमधला) पकडला जातो, सुटतो. अनेकवचनात तर शंकाच उरत नाही: 'युद्धबंद्यांची' म्हटलं की माणसं. घोळ होतो तो 'युद्धबंदीचे', 'युद्धबंदीच्या' अशा रूपांत, आणि तुम्ही नेमकं तेच वापरलंय.

शस्त्रसंधीकडे मात्र वळू नका. कारण नंतर लिहितो, कुकर लावलाय.

ता.क. शांतिसेना. समासात पहिलं पद ऱ्हस्व राहतं, बुद्धिबळासारखं.

पानमांडणी:
लोपीशेठ, तुमच्या 'तो' आणि 'ती'साठी एक माणूस सुचवतो: जनरल थिमय्या. १९५३ मध्ये कोरियात मायदेशी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचं काय करायचं, यासाठी तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला होता. त्याचे अध्यक्ष थिमय्या. त्या २२,००० हून अधिक कैद्यांवर प्रत्यक्ष पहारा ठेवणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख आपले कोल्हापूरकडचे जनरल थोरात. पुढे १९६४ मध्ये थिमय्या सायप्रसच्या दलाचे सेनापती झाले आणि डिसेंबर १९६५ मध्ये तिथेच वारले. सायप्रसने त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. म्हणजे एकाच माणसाने आधी 'तो' युद्धबंदी सांभाळला आणि मग 'ती' युद्धबंदी!

(थिमय्यांच्या आधी तिथे जनरल ग्यानी होते आणि १९७४ मध्ये तुर्की फौजा बेटावर उतरल्या, त्या धुमश्चक्रीत जनरल प्रेमचंद. तिघेही भारतीय.)

अनुस्वार:
हे माहीतच नव्हतं. तळटीप नक्की.

मध्यमपदलोपी:
आलो. शस्त्रसंधीतला संधी म्हणजे तह. दोघं समोरासमोर बसतात, कलमं ठरतात, सह्या होतात. सायप्रसमध्ये नेमकं हेच झालेलं नाही. १६ ऑगस्ट १९७४ ला गोळीबार थांबला, सैन्यं जिथे होती तिथे थबकली, त्या जागांवरून रेषा आखल्या गेल्या आणि मधला पट्टा संयुक्त राष्ट्रांकडे आला. औपचारिक करारावर कुणाचीही सही नाही. राजधानी निकोसियातली हिरवी रेषा तर त्याआधीची, डिसेंबर १९६३ मधली. जनरल यंग नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने नकाशावर हिरव्या पेन्सिलीने ओढली म्हणून हिरवी! तेव्हा शस्त्रसंधी लिहिलंत, तर जो कागद कधी झालाच नाही तो वाचकाच्या डोळ्यांसमोर उभा राहील. युद्धविरामही मला पटत नाही. विराम म्हटला की पुढचं वाक्य येणारच, असं वाटतं. हा विराम पन्नास वर्षांहून जास्त चाललाय.

शिवाय शस्त्रसंधी झाला की झाली, यावर वर्तमानपत्रांचंही एकमत नाही. म्हणून तर मथळ्यात क्रियापद गाळून 'शस्त्रसंधी जाहीर' म्हणतात. :)

कोशवाला:
युद्धबंदी ठेवा. माझी तक्रार 'अंमलबजावणी'बद्दल आहे. मराठीत हा शब्द फार पोटात घेतो. पोषण आहाराची अंमलबजावणी आणि संचारबंदीची अंमलबजावणी यांत काठी कुठे आहे ते शब्द सांगत नाही. ईडीला मराठी वर्तमानपत्रं अंमलबजावणी संचालनालय म्हणतात तशीच सक्तवसुली संचालनालयही म्हणतात. 'सक्त' जोडल्यावरच काठी दिसते.

सायप्रसच्या दलाकडे ती काठी नव्हती. १८६ व्या ठरावात ते दल सायप्रस सरकारच्या संमतीने उभारायचं होतं. लढाई पुन्हा पेटू नये म्हणून शक्य ते सगळे प्रयत्न करायचे आणि गरजेप्रमाणे कायदा-सुव्यवस्था राखायला नि जनजीवन पूर्वपदावर यायला हातभार लावायचा, एवढंच काम होतं. शस्त्र फक्त स्वसंरक्षणासाठी. परिषदेची क्रियापदंही पाहा. २० जुलै १९७४ ला तुर्की फौजा उतरल्या त्याच दिवशीच्या ३५३ व्या ठरावात गोळीबार थांबवण्याचं 'आवाहन' आहे. कुणी ऐकेना, म्हणून २३ जुलैच्या ३५४ व्या ठरावात त्याचीच 'मागणी' झाली. तरी १४ ऑगस्टला दुसरी चढाई झालीच. क्रियापद चढलं, पण बंदुका आपल्या वेळेनेच थांबल्या. म्हणून 'अंमलबजावणी' लिहिलंत तर त्या दलाला नसलेला अधिकार द्याल.

धुऱ्यावरून:
मी विदर्भातला, शेतकरी माणूस. आमच्याकडे ज्वारी हुरड्यात आली की राखणदार ठेवतात. मचाणावर बसतो, गोफण फिरवतो, पाखरं उडवतो. रात्री डुकरं आली तर डबा बडवतो, आरोळी मारतो. बंदूक नसते. पण मचाणावर माणूस आहे एवढ्यानेही पुष्कळ पीक वाचतं. तुमची शांतिसेना मला अशी दिसते. राखण हा शब्द चालेल का?

त्या मधल्या पट्ट्यात शेती होते म्हणतात, ते खरं का?

पानमांडणी:
होते, संयुक्त राष्ट्रांच्या परवानगीने. पट्टा निकोसियाच्या जुन्या शहरात काही मीटर रुंद, तर कुठे सात किलोमीटर. त्यात पिला नावाचं एक गाव आहे, तिथे दोन्ही समाज अजून एकत्र राहतात.

राखणला माझं मत. 'शांतता राखा'ची पाटी मात्र आठवते, दवाखान्यातली. तिच्याखाली बसून लोक मोठ्याने फोनवर बोलत असतात. आणि शांतिसेना म्हटलं की आमच्या पिढीला १९८७ ची श्रीलंका आठवते. तिथे शांतता राखायला गेलेले भारतीय जवान ऑक्टोबरात तमिळ वाघांशी लढायला लागले. तो शब्द तेव्हाच पोळलाय.

कोशवाला:
'आवाहन' तपासून छापा. निम्म्या मथळ्यांत त्याचं 'आव्हान' होतं आणि विनंती करणारा दंड थोपटून उभा राहतो.

मध्यमपदलोपी:
आवाहन शब्द तसा चपखल आहे. आपल्याकडे गौरीचं आवाहन झालं की तिसऱ्या दिवशी विसर्जन. हे दल सुरुवातीला तीन महिन्यांसाठी बोलावलं होतं. मुदत वाढत वाढत अजून तिथेच आहे.

अनुस्वार:
सगळ्यांचे आभार. आता असं केलंय: 'युद्धबंदी टिकावी म्हणून राखणीला शांतिसेना पाठवा, असे आवाहन दोघांनीही केले.' बायकोला दाखवलं. ती म्हणते, "कैदी गेले वाटतं. आता हे पाखरं उडवणार का?"