नवी कोरी महागडी गिटार: यातलं काय चालवून घ्यायचं आणि काय परत करायचं?

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी. नवीन इलेक्ट्रिक गिटार आहे. बोल्टने जोडलेली मेपलची नेक, वर रोझवूडचा फ्रेटबोर्ड, ६४८ मिमी स्केल (तारेची वाजणारी लांबी), २२ फ्रेट (फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), साडेनऊ इंची रेडियस (फ्रेटबोर्डच्या गोलाईची त्रिज्या), तीन सिंगल कॉइल (एका गुंडाळीचे) पिकअप, म्हणजे तारांची थरथर पकडणारे भाग, तारा १० ते ४६ (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत). या किमतीत "एवढं चालायचंच" म्हणवत नाही. परत करायला सात दिवसांची मुदत आहे, त्यातले दोन गेले. दिसलेल्या गोष्टी अशा:

१. पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक, तार वरच्या फ्रेटवर बोटाखालून कडेबाहेर निसटते. बाराव्या फ्रेटवर पहिल्या तारेपासून कड २.७ मिमी, सहाव्या तारेपासून ४.१ मिमी.
२. बाराव्या-तेराव्या फ्रेटवर पहिली किंवा दुसरी तार पूर्ण स्वराने ओढली की आवाज गुदमरून बंद पडतो. खालच्या फ्रेटवर, मोकळ्या तारांजवळ, जरा झणझणही आहे.
३. फ्रेटची टोकं हाताला टोचतात.
४. तिसरी तार सुरात लावताना नटमधून (डोक्याजवळची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) "टिंग" आवाज येतो आणि सूर एकदम उडी मारतो.
५. नेक जिथे बॉडीत बसते तिथे एका बाजूला जाड कागद जाईल एवढी फट. त्याच कोपऱ्यात पॉलिशवर केसासारखी रेघ.
६. ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) जवळच्या पिकअपवर टोनची दोन्ही बटणं काहीच करत नाहीत.

सतराव्या फ्रेटवर ॲक्शन (फ्रेटपासून तारेची उंची) १.५ मिमी आहे. यातलं नुसत्या सेटअपने (जुळवणीने) सुटणारं कोणतं आणि खरा दोष कोणता?

---

पडदा_आणि_पट्टी

आधी सगळ्याचे फोटो काढा, मोजपट्टी ठेवून आणि तारखेसह. मगच हात लावा. ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक बदलणारी सळई) फिरवणं हे वापरणाऱ्याचंच काम मानलं जातं, तरी विक्रेत्याला दोन ओळी लिहून परवानगी घ्या. नंतर वाद नको.

तुमची यादी आहे त्या क्रमाने तपासू नका. गिटार सुरात लावा, मग रिलीफ (नेकचा हलका बाक) बघा, मग ॲक्शन, आणि फ्रेट सगळ्यात शेवटी. रिलीफ चुकलेला असताना फ्रेटला दोष देणं म्हणजे वाकड्या टेबलावर ठेवून पट्टीची परीक्षा करणं.

रिलीफ: पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि आठव्या फ्रेटच्या माथ्यावर किती फट राहते ते बघा. साडेनऊ इंची रेडियसला ०.२५ मिमी चांगली. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर १० नंबरच्या सेटमधली जादा पहिली तार घ्या, तिची जाडी बरोबर तेवढीच असते. साधा छपाईचा कागद साधारण ०.१ मिमी. तार शिरत नाही, फक्त कागद सरकतो, असं असेल तर नेक फार सरळ आहे आणि खालच्या फ्रेटवरची झणझण तिथूनच येते. मग रॉड डावीकडे पाव फेरा सैल करा, सूर पुन्हा लावा, थोडा वेळ जाऊ द्या, पुन्हा मोजा. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही.

हीच मोजणी पहिल्या तारेखालीही करा. सहावीखाली ०.२५ आणि पहिलीखाली जवळपास शून्य असेल तर नेकला पीळ आहे. पीळ कोणत्याही किल्लीने जात नाही. रॉड पूर्ण सैल होऊनही फट वाढत नसेल, किंवा नवीन गिटारचा रॉड आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल, तर पुढचं काही न मोजता परत पाठवा.

आता गुदमरणारा स्वर. ओढलेली तार पुढच्या, म्हणजे ब्रिजकडच्या, एखाद्या फ्रेटला टेकते म्हणून स्वर मरतो. म्हणून एकेक फ्रेट वर चढत ओढून बघा. ज्या फ्रेटवर आवाज पहिल्यांदा स्वच्छ येतो, बहुतेक वेळा तोच उंच असतो, कारण त्याच्यावर दाबल्यावर त्याचा अडथळा उरत नाही. सव्वासात इंची रेडियस आणि खाली आणलेली ॲक्शन असती तर हा भूमितीचा प्रश्न म्हणून सोडून दिला असता. साडेनऊवर १.५ मिमी ॲक्शनला एक पूर्ण स्वर निघायला हवा.

खात्रीसाठी तीन फ्रेटवर एकदम टेकेल अशी सरळ पट्टी लागते. ती तिघांवर ठेवून दोन्ही टोकांना आळीपाळीने दाबायचं. डुगडुगली, टक-टक वाजली, तर मधला फ्रेट उंच. जुन्या प्लॅस्टिक कार्डाची आखूड कड ५४ मिमी असते, ती दहा-अकरा-बारापर्यंत चालते. त्यापुढे फ्रेट जवळ येतात आणि कार्ड चौथ्याला टेकून चुकीचं सांगतं. तेरा ते पंधरा हे अंतर ६४८ स्केलवर साधारण ३३ मिमी आहे, म्हणून तिथे ४० मिमीचा तुकडा हवा, शक्यतो स्टीलच्या पट्टीचा. प्रत्येक तारेच्या रेषेत वेगळं तपासा. फ्रेट एका टोकाला उंच आणि दुसऱ्या टोकाला बरोबर, असं खूपदा असतं.

उंच फ्रेट सापडला तर त्याच्यावर लाकडी काडी ठेवून दाबा. दबला, किंवा त्याच्या टोकाखाली कागदाची कड शिरली, तर तो खाचेत नीट बसलेला नाही. हलत नसेल तर तो बसलाय नीट, पण घासून समतल केलेला नाही. दोन्हींचे उपाय वेगळे, आणि विक्रेत्याला लिहिताना हा फरक लिहिला की समोरचा कारागीर लगेच गांभीर्याने घेतो.

तारांचं सरकणं: १.४ मिमीचा फरक म्हणजे तारा मधल्या रेषेपासून ०.७ मिमी कडेला. हे आणि नेकच्या खाचेतली फट बहुधा एकच दुखणं आहे. तारा थोड्या सैल करा, नेकचे चारही स्क्रू फक्त अर्धा फेरा ढिले करा, वाजवण्याच्या स्थितीत धरून नेकचं डोकं छताकडे, म्हणजे जाड तारांच्या बाजूला, हलकेच ढकला आणि तसंच धरून स्क्रू आवळा. खाचेतली अर्धा मिमी हालचाल डोक्याशी साधारण तीन मिमी होते, त्यामुळे जोर लावायची गरजच पडत नाही. फट असणं दिसायला वाईट, पण तीच फट इथे उपयोगाला येते. ढकलूनही जागेवर येत नसेल तर ब्रिजची भोकंच चुकीच्या रेषेत पाडली आहेत. ते चालवून घेऊ नका.

---

ड्राय_सोल्डर

सहाव्या मुद्द्याचं लगेच सांगतो: तो दोष नाही. तीन सिंगल कॉइलच्या जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये एक टोन नेक पिकअपला आणि एक मधल्याला असतो. ब्रिज पिकअपला टोन नसतोच. हवा असेल तर एका छोट्या वायरने देता येतो.

तरी मुदतीत वायरिंग तपासून घ्याच, गिटार उघडायचीही गरज नाही. केबल गिटारला लावा, दुसरं टोक मोकळं. व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण. मल्टिमीटर २० किलोओहमवर, एक काडी प्लगच्या टोकाला, दुसरी बाहेरच्या नळीला. सिंगल कॉइल साधारण साडेपाच ते साडेसहा किलोओहम दाखवतो. पिकअप निवडायच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या स्थानावर दोन पिकअप समांतर येतात, तेव्हा आकडा निम्म्यावर, तीनच्या आसपास यायला हवा. तिथेही सहाच दिसले तर दोनपैकी एक पिकअप जोडलेलाच नाही.

त्याच मीटरने प्लगची नळी आणि ब्रिज यांच्यात जवळपास शून्य ओहम येतं का बघा. नाही आलं तर ब्रिजकडे जाणारी अर्थची तार सुटली आहे. अशा गिटारमध्ये तारांना हात लावला तरी गुणगुण कमी होत नाही. बाकी सिंगल कॉइलची गुणगुण मूळचीच. मधला पिकअप उलट गुंडाळलेला असेल तर ती दुसऱ्या-चौथ्या स्थानावर बरीच खाली येते.

---

हस्तिदंती_नट

नटचं: हे परत करायचं कारण होऊ शकत नाही, पण तसंच ठेवायचंही नाही. तिसरी तार ओढून सोडा. सूर उतरलेला राहिला आणि नटच्या मागे, खुंटीच्या बाजूला तार बोटाने दाबल्यावर परत चढला, तर ती खाचेतच अडकते आहे. कारण बहुतेक साधं असतं: खाच ९ नंबरच्या सेटसाठी कापलेली आणि तुम्ही १० चढवलेला. तिसरी तार ०.०१६ इंचाची ०.०१७ होते, तेवढ्यात घट्ट बसते. मऊ पेन्सिलीचं शिसं खाचेत घासून बघा. नाही जमलं तर कारागिराकडून खाच रुंद करून घ्या, रुंदच, खोल नाही. खोली कळायला तार दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटमध्ये दाबा. पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट दिसली पाहिजे. तार टेकलेली दिसली तर खाच आधीच जास्त खोल आहे, आणि मग नट बदलून मागा.

फ्रेटची टोकं टोचतात म्हणजे फ्रेट वाढलेले नाहीत, लाकूड आकसलं आहे. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत ठेवली की काही वेळा थोडं परत येतं. तेल लावून हे सुटत नाही.

कोपऱ्यातल्या रेघेवर लायटरचं नाफ्था कापसाने पुसा. पॉलिशमधली चीर असेल तर बाकीचं वाळल्यावर क्षणभर ती रेघ गडद दिसते. नुसता ओरखडा असेल तर सगळं एकदम वाळतं. चीर निघाली तर ती नेकच्या खाचेच्या आत लाकडात उतरते का, हे नेक काढल्यावरच कळतं, आणि ती तुम्ही काढू नका.

---

मंद्रसप्तक

सगळ्यांचे मनापासून आभार. विक्रेत्याची लेखी परवानगी घेऊन मोजलं:

रिलीफ आधी कागद जेमतेम सरकेल एवढाच होता. पाव फेऱ्यानंतर मापाची जादा तार अलगद जाते, पहिली आणि सहावी दोन्हींखाली सारखी. खालची झणझण गेली. ॲक्शन १.६ झाली. नेक सरकवल्यावर अंतरं ३.३ आणि ३.५, तार निसटत नाही. मीटर, स्विचच्या पाच स्थानांवर: ६.१, ३.०, ६.०, ३.०, ५.९. ब्रिजला अर्थ आहे. नाफ्थाने रेघ गडद झाली नाही.

पण बारा-तेरावर स्वर अजूनही गुदमरतो, चौदावर स्वच्छ. ४० मिमीची पट्टी तेरा-चौदा-पंधरावर पहिल्या दोन तारांखाली डुगडुगते, पाचवी-सहावीखाली नाही. चौदाव्या फ्रेटच्या बारीक तारेकडच्या टोकाखाली कागद जातो आणि दाबलं की तो खाली बसतो. सुपरग्लूचा एक थेंब आणि क्लॅम्प पुरेल का?

---

पडदा_आणि_पट्टी

पुरेलही, पण तुम्ही करू नका. गोंद लागला की तो तुमचा फेरफार झाला. शिवाय सांडलेला थेंब पॉलिशवर कायमचा डाग पाडतो.

आणखी एक मोजा: बाकीच्या २१ फ्रेटच्या दोन्ही टोकांखाली कागद घालून बघा. एकच सुटला असेल तर ठोकताना राहून गेलेली चूक आहे. अधिकृत कारागिराने चिकटवून, समतल करून, माथा गोल करून दिला तर ती गिटार ठेवायला माझी हरकत नाही. तीन-चार सापडले, आणि तुमची टोकंही टोचताहेत, तर फ्रेटबोर्डचं लाकूड पुरेसं सुकायच्या आधी वापरलं असावं असं मी धरेन. ते पुढच्या कोरड्या दिवसांत आणखी आकसेल. मग दुरुस्ती नको, बदली मागा.

---

मंद्रसप्तक

मोजलं. चौदा, सतरा, अठरा आणि एकवीस. चारही बारीक तारेच्या बाजूला.

---

हस्तिदंती_नट

मग बदलीच. पत्रात "आवाज नीट येत नाही" असं लिहू नका, त्यावर "सेटअप करून देतो" एवढंच उत्तर येतं. असं लिहा: रिलीफ ०.२५ मिमी, सतराव्या फ्रेटवर ॲक्शन १.६ मिमी, फ्रेट क्र. १४, १७, १८, २१ पहिल्या तारेच्या बाजूला खाचेतून उचललेले, फोटोत कागद दिसतो, १४ मुळे १२ व १३ वर बेंड (तार ओढून काढलेला स्वर) बंद पडतो. बदली गिटार पाठवण्याआधी तिच्या फ्रेटच्या टोकांचे फोटोही मागा.

पाठवताना तारा पूर्ण काढू नका, एखादा स्वर उतरवा एवढंच. तारा आणि फ्रेटबोर्ड यांच्यामध्ये दुमडलेला कागद, केसमध्ये डोक्याच्या खाली आणि बाजूंना कापड, जेणेकरून डोकं कुठेच लोंबकळणार नाही. ॲलन की आणि जादा सुटे भाग त्याच पिशवीत परत टाका.