सुई टोचल्यावर आधी औषध की आधी सही? विद्यापीठाच्या नव्या मसुद्यावर चर्चा

निशिगंध (धागा सुरू करणारी)

रक्तातून पसरणाऱ्या संसर्गांशी अपघाताने संपर्क आल्यास काय करावे, याविषयीच्या धोरणाचा मसुदा आमच्या विद्यापीठाने हरकतींसाठी खुला केला आहे. त्यातील ज्या कलमावर मला चर्चा हवी आहे, ते थोडक्यात असे: सुई टोचली, धारदार अवजाराने कापले किंवा रक्त डोळ्यांत, तोंडात वा उघड्या जखमेवर उडाले, तर विद्यार्थ्याने प्रथम पर्यवेक्षकाला कळवावे, पर्यवेक्षकाने विहित नमुन्यातील अर्ज भरून त्यावर विभागप्रमुखांची सही घ्यावी, आणि तो अर्ज पाहिल्यावर आरोग्य केंद्राने तपासणी व औषधोपचार सुरू करावेत. कर्मचाऱ्यांचा खर्च विद्यापीठ उचलेल, विद्यार्थ्यांनी मात्र तो स्वतःच्या विम्यातून करावा, असेही मसुद्यात म्हटले आहे.

मी परिचर्या शिकवते. विद्यार्थिनी असताना, दुसऱ्या वर्षाच्या रात्रपाळीत, एका रुग्णाचे रक्त काढून झाल्यावर सुईवर टोपण बसवताना ती माझ्या अंगठ्यात घुसली होती. हातमोजा काढून मी अंगठा धुतला आणि दोन दिवस कोणालाही काही सांगितले नाही, कारण ज्या बाईंना सांगायचे त्यांच्याच हाती माझ्या पाळीचे गुण होते. तिसऱ्या दिवशी एका मैत्रिणीने मला जवळजवळ ओढत डॉक्टरांकडे नेले, तोपर्यंत उपयोगाचा काळ हातातून निघून चालला होता. पुढे माझ्या सगळ्या चाचण्या निर्दोष आल्या, पण त्या सहा महिन्यांत प्रत्येक तापाच्या वेळी मनात काय चालत असे, ते मी आजही विसरलेले नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की पहिल्या गोळीच्या वाटेत कोणाचीही सही असू नये. एचआयव्ही प्रतिबंधाचे औषध जितक्या लवकर, शक्यतो पहिल्या काही तासांत सुरू होईल तितके बरे. ७२ तासांनंतर ते सुरू करण्यात सहसा अर्थ उरत नाही. हिपॅटायटिस बीची लस न घेतलेल्या व्यक्तीला इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) द्यायचे असेल, तर तेही शक्यतो २४ तासांच्या आत द्यावे लागते. विभागप्रमुख परिषदेला गेलेले असतील, रात्रीचे दोन वाजलेले असतील किंवा सुट्टीचा दिवस असेल, तर हे तास कोण भरून देणार?

सूक्ष्मदर्शी

मी प्रयोगशाळा सुरक्षा समितीत काम करतो आणि या कलमाच्या पहिल्या खर्ड्याला माझाही हात लागलेला आहे, त्यामुळे त्यामागचा विचार मांडणे माझे कर्तव्य समजतो.

सुई टोचलेली व्यक्ती घाबरलेली असते आणि त्या क्षणी धोका किती, हे तिला एकटीला ठरवता येत नाही. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यास संसर्गाची शक्यता सुमारे ०.३ टक्के, म्हणजे साधारण तीनशे घटनांत एक, इतकी असते. डोळ्यांत किंवा तोंडात उडाल्यास ती सुमारे ०.०९ टक्के असते. लस न घेतलेल्या व्यक्तीच्या बाबतीत हिपॅटायटिस बीचा धोका मात्र ६ ते ३० टक्क्यांपर्यंत जातो. जखम किती खोल आहे, सुई पोकळ होती की टाके घालण्याची भरीव, तिच्यावर रक्त दिसत होते का, ती रुग्णाच्या शिरेत किंवा धमनीत जाऊन आली होती का, यावर धोका बदलतो. २८ दिवसांचा औषधोपचार अंगाला सोसेलच असे नाही, आणि ज्यांना त्याची मुळीच गरज नव्हती अशांनाही तो भीतीपोटी घेताना मी पाहिले आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ज्याचे रक्त होते त्या रुग्णाची संमती घेऊन त्याची तपासणी करणे, हे काम वॉर्डातील वरिष्ठच करू शकतात. विद्यार्थी परस्पर आरोग्य केंद्रात गेला, तर तो रुग्ण घरी सोडला जाईल आणि सर्वात उपयोगी माहिती कायमची हातची जाईल. पर्यवेक्षकाला टाळणारी व्यवस्था विद्यार्थ्याच्या हिताची आहे, हे मला पटत नाही.

पाऊलवाट

मी अंतिम वर्षाचा विद्यार्थी आहे. आमच्या तुकडीत सुई टोचलेले निदान चार जण मला माहीत आहेत आणि त्यांपैकी एकानेच नोंद केली. उरलेल्या तिघांना अर्जाची भीती नव्हती. अर्ज कोणाकडे जातो, याची होती. विम्याचा कागद घरी जातो आणि घरच्यांना त्यावर एचआयव्ही हा शब्द दिसतो, याचाही विचार व्हावा.

शुभ्रवस्त्र

मी शल्यचिकित्सा विभागात अनेक वर्षे शिकवत आलो आहे आणि माझे मत येथे बहुधा कोणाला रुचणार नाही, तरीही ते पूर्ण विचारांती लिहितो आहे. वापरलेल्या सुईवर दोन हातांनी टोपण बसवू नये, सुई हातात घेऊन फिरू नये, धारदार वस्तूंचा डबा हाताच्या अंतरावर ठेवावा, हे पहिल्या आठवड्यात शिकवले जाते. हे वारंवार मोडणारा विद्यार्थी उद्या सहकाऱ्याला आणि रुग्णालाही इजा करू शकतो. त्याच्या शिक्षकाला हे कळूच नये, अशी व्यवस्था करणे मला जबाबदारीचे वाटत नाही. निशिगंध यांच्या बाईंनी गुण कापले असते, तर ते अन्यायाचे ठरले असते. परंतु बाईंना ते कळणे आवश्यक होते.

विद्यार्थी भीतीमुळे लपवतात, हे गृहीतकही तपासून घ्यावे. अमेरिकेतील प्रशिक्षणार्थी शल्यचिकित्सकांचे एक सर्वेक्षण २००७ साली प्रसिद्ध झाले होते. त्यात सर्वात अलीकडच्या जखमांपैकी ५१ टक्के नोंदवल्याच गेल्या नव्हत्या, आणि त्याचे सर्वाधिक सांगितले गेलेले कारण वेळ नसणे हे होते. ४२ टक्क्यांनी ते सांगितले.

निशिगंध

शुभ्रवस्त्र सरांनी दिलेला आकडा मला ठाऊक होता, पण त्याचा रोख माझ्याच बाजूला आहे असे मला वाटते. वेळ नाही म्हणून निम्मे लोक कळवत नसतील, तर अर्ज, पर्यवेक्षक आणि विभागप्रमुख असे तीन टप्पे हाती असलेला तो थोडा वेळही खाऊन टाकतात. याच सर्वेक्षणात प्रशिक्षणाच्या शेवटच्या वर्षापर्यंत ९९ टक्के जणांना कधी ना कधी सुई टोचली होती. ९९ टक्के लोक निष्काळजी असतात, असे सर म्हणणार नाहीत याची मला खात्री आहे. रात्रीचा थकवा, अचानक हलणारा रुग्ण, डबा गळ्यापर्यंत भरलेला असणे, या गोष्टी विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेत मावत नाहीत.

सूक्ष्मदर्शी यांचा रुग्णाच्या तपासणीचा मुद्दा मात्र मी पूर्णपणे मान्य करते. माझ्या मूळ लिखाणात तो राहून गेला. पण त्यासाठी औषध थांबवण्याचे कारण नाही. धोका नाकारता येत नसेल तर पहिली मात्रा द्यावी, रुग्णाची संमतीने जलद चाचणी करावी, ती निगेटिव्ह आली आणि रुग्ण नुकताच बाधित झाल्याचा संशय नसला, तर औषध बंद करावे. एका दिवसाच्या गोळ्यांनी फारसे काही बिघडत नाही. एक दिवस उशीर झाला तर बिघडू शकते. आणि वॉर्डातील वरिष्ठांना बोलावण्याचे काम आरोग्य केंद्राच्या दूरध्वनीवरून का होऊ नये? टोचलेल्या मुलीने स्वतः जाऊन, ज्याला सुई लावली त्याच रुग्णाला “तुमची एचआयव्ही चाचणी करू का” असे विचारावे, अशी वेळ कोणावरही येता कामा नये.

आडवाट

मी स्वच्छता कामगारांच्या पाळ्या लावतो. येथे सगळी चर्चा विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यावर चालली आहे. आमच्या माणसांना सुई टोचते ती कचऱ्याच्या पिशवीतून. ती कोणाची, कधीची, कोणत्या वॉर्डाची, काहीच कळत नाही. मसुद्यात “विद्यार्थी” आणि “कर्मचारी” असे दोन शब्द आहेत, आणि कंत्राटी कामगार त्या दोन्हींत बसत नाही. त्याने कोणाकडे जायचे?

सूक्ष्मदर्शी

आडवाट यांनी दाखवलेली त्रुटी खरी आहे आणि ती आमच्या समितीची चूक आहे, हे मी येथे स्पष्टपणे मान्य करतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस तग धरतो, त्यामुळे पिशवीतली जुनी सुई निरुपद्रवी समजता येत नाही. रक्त कोणाचे हे कळत नसेल, तर ती वस्तू कोठून आली आणि तेथे कोणते रुग्ण असतात, यावरून निर्णय घ्यावा लागतो. सापडलेल्या सुईचीच चाचणी करण्यात अर्थ नसतो आणि ती हाताळताना पुन्हा टोचण्याचा धोका असतो. या कामगारांना हिपॅटायटिस बीच्या तीन मात्रा कामावर घेतानाच दिल्या पाहिजेत, आणि त्यानंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची पातळी दहा एककांवर आहे ना हे पाहिले पाहिजे. हिपॅटायटिस सीवर लस नाही आणि टोचल्यानंतर घ्यायचे प्रतिबंधक औषधही नाही. तेथे वेळेवर चाचण्या करणे एवढेच हाती असते, कारण संसर्ग झालाच तर आजच्या गोळ्यांनी तो बहुतेकांचा पूर्ण बरा होतो.

पण यातूनच माझा दुसरा आग्रह निघतो. प्रत्येक विद्यार्थ्याची पोस्टिंगपूर्वी रक्ततपासणी सक्तीची करावी. टोचल्यानंतरच्या पहिल्या तपासणीतच एखादा बाधित निघाला, तर तो संसर्ग या घटनेतून आलेला नाही एवढेच त्यावरून कळते. मागील नोंद नसेल तर पुढे नुकसानभरपाईचा प्रश्न आला, की दोन्ही बाजूंनी वाद होतात.

पाऊलवाट

या सक्तीला माझा ठाम विरोध आहे. तपासणीत एखादी मुलगी जन्मापासून हिपॅटायटिस बीची वाहक निघाली, तर तिचे काय करणार, याबद्दल मसुद्यात एक अक्षर नाही. तिला प्रसूतिकक्षात पाठवणार नाही, की पदवीच देणार नाही? उत्तर लिहिलेले नसताना प्रश्न विचारू नये.

निशिगंध

पाऊलवाट यांच्याशी मी सहमत आहे, आणि यावर एक चांगला तोडगा आधीपासून अस्तित्वात आहे. अमेरिकेत ओशाने, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेने, १९९१ साली रक्तजन्य संसर्गांविषयी जे नियम केले, त्यांत टोचलेल्या व्यक्तीने रक्त काढू दिले पण एचआयव्ही चाचणीला त्या वेळी नकार दिला, तर तो नमुना ९० दिवस जपून ठेवावा, असे म्हटले आहे. मन शांत झाल्यावर त्या काळात तिने होकार दिला, तर चाचणी करावी. पुरावाही राहतो आणि सक्तीही होत नाही. मात्र त्याच नियमांची एक मोठी उणीव अशी, की ते नोकरदारांना लागू होतात. वेतन न घेणारा विद्यार्थी त्यांच्या बाहेर राहतो. आमच्या मसुद्याने खर्चाच्या कलमात नेमकी तीच उणीव उचलली आहे. विद्यार्थी आणि परिचारिका एकाच खाटेपाशी, एकाच सुईने, एकाच रुग्णाचे रक्त काढत असतील, तर एकीचे औषध संस्थेच्या खर्चाने आणि दुसरीचे वडिलांच्या विम्यातून, हे मला कोणत्याही युक्तिवादाने समजावून देता येणार नाही.

शुभ्रवस्त्र

खर्चाच्या बाबतीत मी माझे मत बदलतो. विद्यार्थी आणि कंत्राटी कामगार या दोघांचाही खर्च संस्थेनेच करावा. सहीही पहिल्या मात्रेच्या आड येऊ नये, हे मला आता मान्य आहे. टाके घालताना मला स्वतःला टोचले, तेव्हा मी कोणाची सही घेतली नव्हती.

परंतु शिक्षकाला नाव कळू नये, हे मला अजूनही मान्य नाही. ज्याला टोचले त्याला पुढचे काही दिवस कामाचा ताण कमी द्यायचा असेल, औषधाने मळमळत असताना त्याला शस्त्रक्रियागृहात उभे करायचे नसेल, तर कोणाला तरी माहीत असावे लागते.

सूक्ष्मदर्शी

समितीपुढे मी पुढील बदल मांडणार आहे. जखम साबण-पाण्याने धुवावी, डोळ्यांत उडाल्यास भरपूर पाण्याने धुवावे, जखम पिळू नये, तिच्यावर ब्लीचसारखे दाहक द्रव्य ओतू नये, आणि विद्यापीठाच्या आवारात काम करणाऱ्या कोणाही व्यक्तीने थेट आरोग्य केंद्रात किंवा रात्री आपत्कालीन विभागात जावे. तेथे ओळखपत्राखेरीज कोणताही कागद मागू नये. रुग्णाच्या संमतीचे काम केंद्राने वॉर्डाकडून करून घ्यावे. विभागाकडे २४ तासांत जाणाऱ्या नोंदीत कोणते अवजार, कोणती जागा, कोणते काम, एवढेच असावे. अमेरिकेच्या २००० सालच्या सुई-सुरक्षा कायद्यातही अवजाराचा प्रकार, जागा आणि घटना कशी घडली हे नोंदवहीत लिहावे आणि जखमी व्यक्तीची गोपनीयता राखावी, असेच आहे. अशा नोंदींवरूनच कोणती सुई बदलायची ते कळते.

नाव शिक्षकाला द्यायचे की नाही, ते टोचलेल्या व्यक्तीच्या लेखी होकारावर सोडावे, असे मी सुचवतो. शुभ्रवस्त्र सरांचा विरोध मी इतिवृत्तात त्यांच्याच शब्दांत नोंदवून घेईन.

निशिगंध

एवढे झाले तर माझी हरकत मी मागे घेते. होकाराचा तो कागद मात्र पहिल्या दिवशी पुढे करू नये. औषध सुरू झाल्यावर, पुढच्या भेटीत, समुपदेशकाने तो समजावून सांगावा आणि नकार दिला तर पुन्हा विचारू नये. ही दुरुस्ती मी आजच पाठवत आहे. आडवाट, कंत्राटी कामगारांविषयीचे कलम आपण लिहून द्याल का? पाळ्यांची आणि पिशव्यांची माहिती आमच्यापैकी कोणालाही आपल्याइतकी नाही.

आडवाट

लिहून देतो. त्यात पहिली ओळ डब्यांची असेल: धारदार वस्तूंचा डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद करून बदलावा. तो बदलला गेला असता, तर आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या सुया पिशवीत आल्याच नसत्या.