आमदाराचा मुक्काम आणि मतदारयादी

काही जण म्हणतात, मतदारसंघाबाहेर राहणाऱ्याचा उमेदवारी अर्जच बाद होतो. तसं काही नाही भावा. विधानसभेला राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव असलं की चालतं, लोकसभेला तर देशात कुठंही. भाजपचे चंद्रकांतदादा पाटील मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगडचे, पण २०१९ ला निवडून आले ते पुण्यात कोथरूडमधून. नाव दुसरीकडं असेल, तर त्या यादीची प्रमाणित प्रत अर्जासोबत किंवा छाननीपर्यंत द्यायची. ती राहिली की विषय संपला.

निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर उमेदवाराचं नमुना २६ चं शपथपत्र उघडा. सुरुवातीलाच पत्ता, यादीचा भाग आणि अनुक्रमांक सापडेल. प्रत्यक्ष मुक्काम मात्र त्यावरून कळणार नाही. सभागृहाच्या कामासाठी आमदार बाहेर राहिला म्हणून त्याचं 'सर्वसाधारण रहिवासी'पण (म्हणजे यादीत नाव असायला लागणारं तिथलं नेहमीचं राहणं) जात नाही, १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातच तशी सोय आहे. ग्रामपंचायतीला मात्र गावच्याच यादीत नाव लागतं.