सातवा महिना चालू आहे आणि मूळव्याध झालीये, डॉक्टरांना सांगायला लाज वाटते

पहिलटकरीण:
३० आठवडे झालेत, पहिलंच बाळंतपण. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यापासून पोट साफ होतच नाही, तीन तीन दिवस जातात आणि मग खडा असतो. दोन आठवडे झाले बसताना टोचतंय, खाज येते, धुताना वाटाण्याएवढा कोंब हाताला लागतो. काल संडासच्या भांड्यात लालभडक रक्त दिसलं, हातपाय गार पडले माझे, आधी वाटलं बाळालाच काही झालं. तपासणी १० दिवसांनी आहे, तोवर थांबू का? गोळ्या बंद करून बघू? आणि डिलिव्हरीत जोर लावताना हे आणखी वाढलं तर?

दोन लेकरांची आई:
अगं दहा दिवस कशाला थांबतेस, उद्याच फोन कर. बहुतेक मूळव्याधीचंच रक्त असेल पण रक्त मागून आलं की पुढून हे आपलं आपल्याला नक्की कळत नाही, आणि पुढून असेल तर एक तासही थांबायचं नसतं, सरळ दवाखाना गाठायचा. लाज मलाही वाटली होती, दीड महिना गप्प बसले आणि उगाच सोसलं.

मला सगळ्यात जास्त फरक पडला तो पायाखाली छोटा स्टूल घेतल्याने. कमोडवर बसून गुडघे कमरेच्या वर येतील असे पाय ठेवायचे, थोडं पुढे वाकायचं, श्वास रोखून कुंथायचं नाही. मोबाईल बाहेर ठेवून जायचं, पाच मिनिटांत नाही झालं तर उठायचं. आणि कळ आली की लगेच जायचं, हातातलं काम राहू दे.

प्रसूती वॉर्डातली नर्स:
वरच्या ताईंचं बरोबर आहे. गोळ्या मनाने बंद करू नकोस, रक्त कमी असेल तर बाळंतपणात जड जातं. डॉक्टर गोळी बदलून देतात किंवा एक दिवसाआड घ्यायला सांगतात, ते विचार.

हे होतं का तर या दिवसांत प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे आतडी मंद चालतात, शरीरात रक्त वाढलेलं असतं आणि गर्भाशयाचा भार खालच्या शिरांवर येतो, म्हणून त्या फुगतात. त्यामुळे तासन्‌तास एका जागी बसू नको की उभी राहू नको, झोपताना डाव्या कुशीवर. कोमट पाण्याच्या टबात १०-१५ मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा बस, पाण्यात काही घालायचं नाही, नंतर न घासता टिपून कोरडं कर. सूज जास्त असेल तर बर्फ कापडात गुंडाळून थोडा वेळ. मलम मात्र विचारूनच लाव. कोंब अचानक टणक, निळसर होऊन असह्य दुखायला लागला तर त्याच दिवशी दाखव.

आठवा चालू:
मी रात्री चूर्ण घेते, सकाळी एकदम मोकळं होतं. तू पण घेऊन बघ.

प्रसूती वॉर्डातली नर्स:
ताई, त्यात सोनामुखी आहे का बघा, अशी चूर्णं आणि एरंडेल या दिवसांत न विचारता घेऊ नका. त्यापेक्षा इसबगोल बरा, पण भरपूर पाण्यासोबत, पाणी कमी पडलं तर उलट आणखी घट्ट होतं. भाज्या, सालासकट फळं हळूहळू वाढवा, एकदम वाढवलं की पोट फुगतं.

पहिलटकरीण:
फोन केला, त्यांनी लगेच बोलावलं. तपासलं तर मूळव्याध आहेच आणि शेजारी छोटी चीरही आहे, काचेने कापल्यासारखं दुखायचं ते त्याचंच. पोट साफ व्हायला लॅक्टुलोजचं सिरप दिलंय, गोळी एक दिवसाआड. आज चौथा दिवस, कोंब आहे अजून पण सकाळी रडू आलं नाही. डिलिव्हरीचं तेवढं सांगा ना, धाकधूक आहे.

प्रसूती वॉर्डातली नर्स:
मूळव्याध आहे म्हणून नॉर्मल डिलिव्हरी अडत नाही. जोर लावल्याने नंतर काही दिवस सूज वाढू शकते, बहुतेकींची पुढच्या काही आठवड्यांत ओसरते. बाळंतपणानंतर पहिल्यांदा संडासला जायची खूप भीती वाटते, टाके उसवतील म्हणून बायका दोन दोन दिवस दाबून धरतात आणि मग परत खडा होतो. तसं करू नकोस, टाक्यांवर स्वच्छ पॅड हलक्या हाताने दाबून धर आणि सावकाश होऊ दे. तो स्टूल दवाखान्याच्या बॅगेत आत्ताच भरून ठेव.