बिबट्याच्या पिंजऱ्यात शेळी कशी ठेवावी?

बांधकरी: जुन्नर भागात उसाच्या फडालगतच्या वस्तीवरून आठवड्यात दोन शेळ्या गेल्या. वनखातं पिंजरा लावणार आहे, सावज म्हणून शेळी गावाने द्यायची. ती कशी ठेवावी? काही जण म्हणतात, मेलेल्या शेळीलाच औषध लावून टाका.

रानखूण: औषधाचं डोक्यातून काढा. 1972 च्या वन्यजीव कायद्यात ‘शिकार’ म्हणजे नुसतं मारणं नाही. विष घालणं, सापळा लावणं, आमिष ठेवणंही त्यात येतं. पिंजऱ्यालासुद्धा मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. आणि विषारी मढ्याला आधी तोंड लावतात ती गावचीच कुत्री, मुंगसं, कावळे.

शेळीचा कप्पा स्वतंत्र हवा, मधे दुहेरी जाळी. एकेरी जाळीतून पंजा आत जातो. कप्प्याची मागची बाजूही बंद करा, नाहीतर बिबट्या बाहेरूनच शेळी ओढत बसतो. मग आतल्या दार पाडणाऱ्या फळीवर पायच पडत नाही, दार कसलं पडतंय! शेळीला उठता-बसता येईल एवढी जागा, जड घमेल्यात पाणी, रात्रभर पुरेल इतका ओला चारा. दिवसा तिला बाहेर सावलीत बांधा.

फळीवर पाचट पातळच पसरा. दाराच्या खाचेत एखादं चिपाड अडकलं तरी दार अर्ध्यावर राहतं आणि बिचकलेला बिबट्या पुन्हा पिंजऱ्याकडे फिरकत नाही. म्हणून रोज संध्याकाळी शेळी आत घेण्याआधी दार दोनदा पाडून बघा.

पाचट: वरचं सगळं बरोबर, पण सापडेल तो शेळ्या नेणाराच असेल असं नाही. त्या वाटेने जाणारा कुठलाही बिबट्या अडकतो. मादी असेल तर वनखात्याच्या डॉक्टरांना सड बघायला सांगा. दूध असेल तर पिल्लं जवळच्याच उसात आहेत, आईवाचून ती उपाशी मरतील. लांब नेऊन सोडण्यावरही भिस्त ठेवू नका. माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या 2009 मध्ये सुमारे 120 किलोमीटर चालत मुंबईकडे पोचला होता.

रानखूण: हे महत्त्वाचं. आणि दार पडल्याचं कळलं की आधी वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन, मग पिंजऱ्यावर ताडपत्री. माणसं दिसली की बिबट्या गजांवर धडका देतो, त्यात सुळे तुटतात. गर्दी शंभर पावलं मागे ठेवा, फोटो कोणालाच काढू देऊ नका.

बांधकरी: आणि तोवर उरलेल्या शेळ्या?

पाचट: गोठ्याला चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी. दाराला खालून फट नको, आणि कडी ढकलून उघडणारी नको.