शब्दचर्चा: फाइल हलवली त्याचं ‘कारण’, ‘खुलासा’ की ‘समर्थन’?

प्रश्न, छत्रपती संभाजीनगर: आमच्याकडे बिल्डची (कोडपासून चालता प्रोग्राम तयार करण्याच्या व्यवस्थेची) साफसफाई चालू आहे, बऱ्याच सोर्स फाइल एका फोल्डरातून दुसऱ्यात जाताहेत. कोड रिव्ह्यूचा, म्हणजे सहकाऱ्यानं कोडमधला बदल तपासण्याचा, नमुना मराठीत करतोय. ‘ही फाइल का हलवली’ या रकान्याला काय नाव द्यावं? ‘समर्थन’ किंवा ‘खुलासा’ चालेल का?

लातूर: ‘खुलासा’ नको, ताई. अरबीत या शब्दाचा अर्थ सार, अर्क. हिंदीत तो गुपित उघड होण्याला वापरतात. आपल्या कचेऱ्यांत मात्र ‘खुलासा सादर करावा’ असं पत्र आलं की माणूस घाबरतो, कारण तो मागवतात चूक झाल्याच्या संशयावर. फाइल हलवणाऱ्यानं काही गुन्हा केलेला नाही. ‘समर्थन’ म्हणजे बाजू घेणं. तिथं वाद आधीच पेटलेला असतो. साधं ‘कारण’ लिहा.

परभणी: सहमत. आमच्याकडं विचारतात तेच, ‘काहून हलवली?’ पण रकान्याचं नाव बरोबर असून भागत नाही, खाली काय लिहितात ते महत्त्वाचं. ‘नीटनेटकेपणासाठी’ हे कारण नव्हे. असं लिहावं: ‘ही हेडर फाइल (दुसऱ्या फाइलींत जोडायची घोषणांची फाइल) सामाईक लायब्ररीत, म्हणजे सगळ्यांनी वापरायच्या कोडमध्ये होती, पण ती बिलिंगच्या हेडर ओढते. बिलिंग स्वतः सामाईकवर अवलंबून, म्हणून चक्र तयार होत होतं. फाइल बिलिंगमध्ये नेली, चक्र तुटलं.’ बेझेल हे बिल्डचं साधन तर असं चक्र दिसलं की बिल्डच करत नाही. एवढं वाचलं की रिव्ह्यू करणाऱ्याला काय तपासायचं ते कळतं.

नांदेड: हलवण्यालाच ‘फेरफार’ म्हटलं तर? तलाठ्याकडं गाव नमुना 6 म्हणजे फेरफार नोंदवहीच की. जमिनीचा हक्क कसा बदलला, ते तिथं लिहिलेलं असतं.

लातूर: शब्द आपल्या मातीतला आहे, पण इथं घोटाळा करील. ‘कागदपत्रांत फेरफार’ म्हणजे मजकूर बदलला. हलवताना मजकूर तसाच राहायला हवा, आणि याला तांत्रिक कारणही आहे. गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, जागाबदलाची वेगळी नोंद ठेवत नाही. एक फाइल गेली, दुसरी आली, एवढंच त्याला ठाऊक. दोन्हींचा मजकूर निदान 50 टक्के जुळला तर ते अंदाजानं ‘नाव बदललं’ असं दाखवतं. हलवता हलवता निम्म्याहून जास्त कोड बदलला, तर रिव्ह्यूत सगळी फाइल नवी दिसते आणि मागचा इतिहास शोधणं जिकिरीचं होतं. म्हणून हलवण्याचा कमिट (गिटमध्ये नोंदवलेला बदल) वेगळा, मजकुरातल्या बदलाचा वेगळा. इन्क्लूडचे मार्ग (फाइल कुठून जोडायची ते सांगणाऱ्या ओळी) आणि बिल्ड फाइलीतली नावं तेवढी हलवण्यासोबतच बदलावीत, नाहीतर मधला कमिट बिल्डच होणार नाही.

छत्रपती संभाजीनगर: मग दोन रकाने करते: ‘हलवण्याचं कारण’ आणि ‘इन्क्लूडचे मार्ग सोडून मजकूर बदलला का’. दुसऱ्यात ‘हो’ आलं, तर कमिट वेगळे करायला परत पाठवायचं.